एकेचाळीस नंबरचं बोलणं

४ फेब्रुवारी

ताई,

‘तीर्थरूप’ लिहून सुरुवात केली तर तू पत्र न फोडता परत पाठवशील, म्हणून नुसतं ताई. माझं अक्षर लावून घे. तू फोन टाकून दिलास त्याची शिक्षा मी भोगतोय.

बातमी अशी की लाँचच्या तिकिटांचं काम आता माझ्या गळ्यात आलंय. तुझीच खुर्ची, तुझंच टेबल, ड्रॉवरमध्ये तुझ्या सुकलेल्या पेनांचा ढीग. आईला सांगितलं तर म्हणाली, “म्हणजे आता तूही घरी उशिरा येणार.” गुडघा सोडला तर ती बरी आहे.

एक विचारायचं होतं. धक्क्यावरच्या खिडकीतला तिकीटवाला रोज माझं डोकं खातो. रविवारच्या सकाळच्या लाँचला पाचव्या रांगेतल्या दोन जागा कायम ‘राखीव’ दिसतात आणि त्यांवर बसायला कधीच कुणी येत नाही. लोक उभ्याने जातात आणि त्याच्याशी भांडतात.

मी बुकिंगच्या प्रणालीत डोकावलो. तू मला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून शिकवलेलं आठवलं. सर्व्हर हा विसरभोळा माणूस. प्रत्येक नवं पान मागितलं की तो विचारतो, आपण कोण? म्हणून त्याच्यापाशी आठवण ठेवायला द्यावी लागते. एका माणसाचं सगळं एकाच सेशनमध्ये, म्हणजे आठवणीच्या एकाच कप्प्यात, कोंबलं, तर त्याने ब्राउझरच्या दोन खिडक्या उघडल्या की एकीतली माणसं दुसरीतल्या लाँचमध्ये जाऊन बसतात. म्हणून प्रत्येक बुकिंगचं वेगळं कॉन्व्हर्सेशन. तू त्याला ‘बोलणं’ म्हणायचीस. बोलणं सुरू झालं की त्याला नंबर मिळतो. वार, माणसं, जागा त्यात साठत जातात, आणि तिकीट निघालं की ते संपतं. कुणी मध्येच गप्प झालं तर वीस मिनिटं वाट बघून सर्व्हर ते विसरतो.

तर ताई, एकेचाळीस नंबरचं बोलणं दोन वर्षं उघडं आहे. ते सुरू झाल्यापासून सर्व्हर एकदाही बंद झालेला नाही. नीट चालणाऱ्या गोष्टीला हात लावायचा नाही, हा आमच्या साहेबांचा एकमेव सिद्धांत. त्यात तू तारखेऐवजी वार धरलायस, म्हणून त्या जागा दर रविवारी अडतात. मी सरळ तोडून टाकणार होतो, पण जावा भाषेतला हा कोड तुझा, त्याचा सांगाडा, फ्रेमवर्क, तू निवडलेलं. म्हटलं, विचारावं.

तुझा,
बारक्या


९ फेब्रुवारी

बारक्या,

पत्र मिळालं. अक्षर लागलं, कष्ट पडले.

त्या बोलण्याला हात लावू नकोस. ते तोडलंस तर त्याच्यासोबत दुसरी चार तुटतील, मी तेव्हा घाईत कोड लिहिला होता. तिकीटवाल्याला सांग, त्या दोन जागा मोडक्या आहेत असं समज. लोक भांडणारच, जागा असली तरी भांडतात.

इथे रोपवाटिकेत सध्या कुंड्या बदलायचं काम चालू आहे. मुळं कुंडीच्या आकाराची झालेली असतात. हलक्या हाताने सोडवावी लागतात. मला हे काम आवडतं. कुणी काही विचारत नाही.

आईला गुडघ्याला शेक द्यायला सांग.

ताई

ता. क. त्या दोन जागांवर नावं दिसतात का? की नुसतंच राखीव?


१५ फेब्रुवारी

ताई,

तू खोटं बोललीस. एकाचा दुसऱ्याशी संबंध नसावा म्हणून तर बोलणी वेगळी ठेवायची, हे मला तूच शिकवलंस. चार तुटतील म्हणे!

म्हणून शोधत बसलो. टेबलाखाली, वायरींच्या जंजाळामागे, तुझा जुना कॉम्प्युटर सापडला. अंगावर बोटभर धूळ, पंखा फिरतोय, वर चिकटपट्टीने लावलेलं ‘बंद करू नये’. तुझं अक्षर. तो दर थोड्या वेळाने एकेचाळीस नंबरला टोचतो, मी इथे आहे, मी इथे आहे, आणि सर्व्हर बिचारा पुन्हा वीस मिनिटं वाट बघतो.

मला राग आला. मी वायर उपसली. मग बोलण्याच्या आत काय आहे ते पाहिलं.

प्रवासी दोन. तुझं नाव, भाऊजींचं नाव. बोलणं सुरू झाल्याची तारीख पाहिली आणि मग समजलं. भाऊजी गेले त्याच्या आदल्याच दिवशीची.

ताई, मला माफ कर. तुझी परवानगी न घेता एखादी खोली उघडल्यासारखं वाटलं. मी वायर पुन्हा लावायला वाकलो, मग थांबलो. म्हटलं, संपू दे. कदाचित तेच बरं. खुर्चीत बसलो आणि पडद्यावरच्या यादीकडे बघत राहिलो.

वीस मिनिटं झाली. अर्धा तास झाला. जेवायला जाऊन आलो. एकेचाळीस नंबर तिथेच होता.

तुझा कॉम्प्युटर बंद आहे, मी हात लावून पाहिला, गार पडलाय. म्हणजे ते पान आणखी कुठेतरी उघडं आहे आणि तिथून सर्व्हरला हाक येतेय. हे मी स्वतःला समजावत होतो तेवढ्यात, दिवसाढवळ्या, माझ्या डोळ्यांसमोर खिडकीची जागा बदलली. आधी ती भाऊजींच्या नावावर होती. आता तुझ्या नावावर आहे.

बाजूच्या टेबलावरच्या बाईंना बोलावून दाखवलं, मला भास झाला नाही याची खात्री करायला. त्या म्हणाल्या, “बदलली की. त्यात काय एवढं?”

बारक्या


२० फेब्रुवारी

बारक्या,

तुझ्यावर रागावले नाही. वायर पुन्हा लावू नकोस.

आता खरं सांगते. त्या संध्याकाळी आम्ही बेटावर जायचं ठरवत होतो. दोघांना मिळून बुकिंग करता यावं म्हणून मी नुकतीच सोय केली होती. बोलण्याची लिंक दुसऱ्याला पाठवायची, मग दोघंही त्याच बोलण्यात. दोघांनीही ‘ठरलं’वर खूण केली की तिकीट निघतं. मी त्याला लिंक पाठवली. त्याने स्वतःला खिडकी घेतली. मी म्हटलं, दर वेळी तूच का? तो म्हणाला, मला लाँचमध्ये मळमळतं. मी म्हटलं, होड्यांची इंजिनं दुरुस्त करणाऱ्याला मळमळतं? यावरून वाजलं. एवढ्याशावरून. मी ‘ठरलं’ची खूण न करताच झोपले. सकाळी तो म्हणाला, तुझा राग जाईपर्यंत एका मित्राच्या होडीचं इंजिन बघून येतो. होडी सापडली, तो नाही. पुढचं तुला माहीत आहे.

सासूबाई सगळ्यांसमोर मला म्हणाल्या, “तू त्याला एकट्याला जाऊ दिलंस.” त्यानंतर आमचं बोलणं नाही. मी नोकरी सोडायच्या आधी तो कॉम्प्युटर टेबलाखाली ठेवला. यात अर्थ नव्हता, मला कळत होतं. पण सर्व्हर विसरला असता तर मग ते फक्त मलाच आठवलं असतं.

माझा भुताखेतांवर विश्वास नाही. पण ती लिंक जगात फक्त दोन ठिकाणी होती. माझ्याकडे आणि त्याच्याकडे.

एक काम कर. सर्व्हरवरून माझ्या बाजूचं पान उघड. खाली ‘सूचना’ म्हणून एक चौकट आहे, सामान वगैरे लिहायला. ती दोन्हीकडे दिसते. त्यात एवढंच लिही: मी आहे.

ताई


२६ फेब्रुवारी

ताई,

लिहिलं. दिवसभर काही झालं नाही. मला जरा सुटल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिकीटवाला आला होता, टेबलावर हात आपटून आपलं गाऱ्हाणं सांगत होता. त्याच्या खांद्यावरून माझं लक्ष पडद्याकडे गेलं. तुझ्या ओळीखाली दुसरी ओळ होती.

मला माहीत आहे.

एवढंच. पूर्णविरामासकट. तिकीटवाला विचारू लागला, “तुमचा चेहरा का असा झाला?”

मी जमेल तेवढा माग काढला. हाक मोबाइल कंपनीच्या जाळ्यातून येते, पत्ता सारखा बदलतो. एखादा जुना टॅब असावा, एवढंच कळतं. भाऊजींकडे टॅब होता का गं? इंजिनांचे नकाशे बघायला ते काहीतरी वापरायचे, असं पुसट आठवतं. तो सापडला होता का?

हे सगळं तुला कळवावं की नाही, यावर दोन दिवस घालवले. आईला सांगितलेलं नाही. कुणीतरी चावटपणा करतंय असं म्हणावं, तर ही लिंक कुणाला मिळणार, आणि असलं काही सुचणार कुणाला?

तुला आणखी एक सांगायला हवं होतं, ते पहिल्याच पत्रात गाळलं. नवी प्रणाली तयार आहे. मार्चच्या मध्याला जुना सर्व्हर बंद होणार. तो बंद झाला की सगळी उघडी बोलणी जातील. ती फक्त त्याच्या आठवणीत आहेत, कुठेही लिहून ठेवलेली नाहीत.

बारक्या


३ मार्च

बारक्या,

टॅब सापडला की नाही ते मला माहीत नाही. त्याच्या वस्तू सासूबाईंच्या घरी गेल्या. मी काहीच मागितलं नाही.

तुझं पत्र मी रोपांच्या मांडवात उभ्याने वाचलं. मालकीणबाईंनी मला खाली बसवलं, पाणी दिलं. त्यांना वाटलं, कुणी गेलं. मी म्हटलं, नाही हो, उलटंच.

आता मला सरळ उत्तर दे. ते तू लिहितोयस का? मला बरं वाटावं म्हणून? लहानपणी माझी मांजर हरवली तेव्हा तू पलंगाखाली शिरून म्याव म्हणाला होतास. मी तेव्हाही ओळखलं होतं, पण तुला सांगितलं नाही. आता मात्र सांग. तू असशील तर मी रागावणार नाही, फक्त थांब.

तू नसशील, तर सूचनेत लिही: येऊ का?

ताई


८ मार्च

ताई,

मी नाही. आईची शपथ घेतो, आणि तुला माहीत आहे मी ती कधी घेत नाही.

तुझे दोन शब्द लिहिले. या वेळी उत्तर लगेच आलं. मी हात कीबोर्डवरून उचललेही नव्हते.

रविवारी दोघी.

‘दोघं’ लिहायचं असेल, बोट चुकलं असेल. संध्याकाळी पाहिलं तर समोरच्या बाजूने ‘ठरलं’वर खूण होती. आता फक्त तुझी खूण राहिली. ती केली की येत्या रविवारचं तिकीट निघेल आणि बोलणं संपेल.

ताई, मला भीती वाटते. दिवसा, दिवे लावलेल्या ऑफिसात, माणसांच्या घोळक्यात बसून भीती वाटते. आता पडद्याकडे पाठ करून बसलो की मानेवर कुणाचीतरी नजर जाणवते. पाण्यावर जाऊ नकोस. तू म्हणशील तर मी खूण करतो, तिकीट काढतो, फाडून टाकतो, सगळं संपवून टाकतो. पण तू येऊ नकोस.

बारक्या


११ मार्च

बारक्या,

त्याचं शुद्धलेखन तसंच होतं. ‘दोघी’च लिहिणार तो.

रविवारी सकाळी माझ्या बाजूची खूण कर. तिकिटं खिडकीत ठेवायला सांग. मी येतेय. तू धक्क्यावर येऊ नकोस, तू आलास की मी तुझ्याच तोंडाकडे बघत राहीन. तू सर्व्हरपाशी बस आणि बोलणं नीट संपतंय ना, ते बघ. मी काही पाण्यात उडी मारायला निघालेली नाही. मला फक्त त्या जागेवर एकदा बसायचंय.

ताई


१७ मार्च

ताई,

कुठे आहेस? रोपवाटिकेच्या पत्त्यावरच लिहितोय, दुसरा पत्ता माझ्याकडे नाही.

माझ्याकडचं सांगतो. रविवारी ऑफिसात मी एकटा. तुझी खूण केली. तिकिटं निघाली, दोन, पाचवी रांग. एकेचाळीस नंबर यादीतून गेला. मी यादी पुन्हा पुन्हा उघडून पाहिली. गेला तो गेलाच. तिकीटवाल्याचा फोन आला, “आज बसलं हो कुणीतरी तिथे!” आनंदाने सांगत होता. कोण बसलं विचारलं, तर म्हणे, गर्दी आहे, बाई होत्या, आणि ठेवला फोन.

खिडकीतून मला लाँच सुटताना दिसली. ती धक्क्यापासून लांब गेल्यावर मी जुना सर्व्हर बंद केला. सोमवारी करायचा होता, पण मला तो चालू ठेवून तिथे बसवेना. नेटवर्कची वायर काढली, विजेची काढली, खोक्यात घातला, खोक्याला चिकटपट्टी लावली. नवी प्रणाली संध्याकाळी सुरू केली. तिच्यात त्या जागा मोकळ्या दिसतात.

आता तू सांग. एक ओळ तरी लिही. आईला काय सांगू?

बारक्या


२१ मार्च

बारक्या,

मी बरी आहे. वरचा पत्ता बघ, मी सासूबाईंकडे आहे. आईला सांग, आता इथेच राहीन, निदान काही महिने. रोपवाटिकेला कळवलंय.

सगळं क्रमाने सांगते.

मी तिकीट घेतलं आणि लाँचवर चढले. पाचव्या रांगेपर्यंत मान वर केली नाही. वर केली, तर खिडकीच्या बाजूला सासूबाई बसलेल्या. किती बारीक झाल्यात! मांडीवर पिशवी, दोन्ही हातांनी धरलेली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं. मीही त्यांच्या मागे पाहिलं. दोघींनाही तिसऱ्याची वाट होती.

“तो कुठे आहे?” त्यांनी विचारलं.

“तुम्हाला कुणी बोलावलं?”

“तुम्हीच ना दोघांनी.”

लाँच सुटली होती. मी बसले. त्यांनी पिशवीतून त्याचा टॅब काढला. मागे राहिलेल्या हत्यारांबरोबर त्यांच्या घरी आला होता, कोरडा, नीट पेटीत. त्या दिवशी त्याने तो नेलाच नव्हता. त्यांनी सुरू केला तेव्हा आमचं ते पान उघडं होतं, त्याचं नाव, माझं नाव. तेव्हापासून त्या तो कधी बंद पडू देत नाहीत. रोज सकाळी फडक्याने काच पुसतात. बारक्या, पुसताना बोट लागून जागा बदलली. पुसतानाच ‘ठरलं’वर खूण झाली. मला हसू आलं, इतकं की पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. दोन वर्षं आम्ही दोघी एकाच बोलण्यात बसलो होतो आणि एकमेकींना तो समजत होतो.

मी म्हटलं, “मग तसं का लिहिलंत? ‘मला माहीत आहे’ म्हणून? सरळ सांगायचं ना, तुम्ही आहात.”

त्या म्हणाल्या, “मी कुठे काय लिहिलं? मला त्यावर लिहिता येतं का? एक दिवस ‘मी आहे’ आलं, माझ्या हातातला कप पडला. मग खाली त्याचं उत्तर आलं. म्हटलं, तुमचं दोघांचं चाललंय, मी कशाला मध्ये पडू? नंतर ‘रविवारी दोघी’ आलं, तेव्हा कळलं, मलाही बोलावलंय.”

मी त्यांच्या हाताकडे बघत राहिले. संधिवाताने बोटं वाकलीत त्यांची. धड बटण लागत नाही.

तुझ्यावर संशय घेतला होता, तो मागे घेते.

बेटावर आम्ही दुपारपर्यंत किनाऱ्याने चाललो, बसलो. त्या म्हणाल्या, “तुला बोलले ते बोलायला नको होतं.” मी म्हटलं, “मी त्याला खिडकी द्यायला हवी होती.” त्यावर म्हणाल्या, “अगं, लहानपणापासून त्याला मळमळायचं. कुणाला सांगू नको म्हणायचा, लाजायचा.” मग आम्ही रडून घेतलं. त्याच्यासाठी एकत्र रडलो नव्हतोच आम्ही.

दुपारच्या लाँचने परत आलो. आता त्यांनी मला खिडकीशी बसवलं. धक्का दिसायला लागला तशी मी म्हटलं, तो टॅब द्या, तुम्हाला तिकीट दाखवते. बोलणं संपलं की पान बदलतं, तिकिटाचं चित्र येतं. तसंच लिहिलंय मी ते.

पान तेच होतं. तुझा सर्व्हर तेव्हा खोक्यात होता, हे मला आज तुझ्या पत्रावरून कळलं, रोपवाटिकेने ते इथे पाठवलं. तेव्हा वाटलं, टॅबवर जुनंच पान राहिलं असेल.

सूचनेच्या चौकटीत चार ओळी होत्या आणि त्यांच्याखाली पाचवी उमटत होती. एकेक अक्षर, कुणीतरी शोधून शोधून टाईप करावं तसं.

पोचलात का?

तू याचं कारण शोधशील, तुझा स्वभावच तो. जरूर शोध. सापडलं तर मला मात्र कळवू नकोस.

सासूबाईंनी माझ्या हातातून टॅब घेतला, तोंडाजवळ नेला, टेलिफोनवर बोलावं तसा. आजूबाजूला माणसं होती, सामान उचलत होती, कुणी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

“पोचलो रे,” त्या म्हणाल्या. “दोघी पोचलो.”

मग पान पांढरं झालं आणि लाँच धक्क्याला टेकली.

ताई